निळ्या पंपाची पाच मिनिटं

दरवर्षी मार्चमध्ये मी आणि मावशी वाशीच्या मसाला मार्केटात वर्षाच्या मिरच्या घ्यायला जातो. बेडगी रंगासाठी, संकेश्वरी तिखटासाठी. गेल्या वर्षी एका गाळ्यापुढे माथाडी कामगार गोणी उतरवत होते. लाल धुरळा उडाला आणि आम्हा सगळ्यांनाच ठसका लागला. माझा दोन मिनिटांत थांबला. मावशीचा मात्र थांबेना. तिची छाती आवळली, श्वास सोडताना बारीक शिट्टी ऐकू येऊ लागली. तिने पर्समधून दम्याचा निळा पंप काढला, हलवला, दोनदा ओढला आणि पायरीवर टेकली. पाच मिनिटांत तिचा जीव खाली पडला.

धुरळा एकच होता. मग मला नुसता ठसका आणि तिला धाप, हे कसं?

घशाखालची श्वासनळी छातीत दुभंगते, तिची प्रत्येक फांदी पुन्हा दुभंगते, असं साधारण 23 वेळा होतं. मोठ्या नळ्यांना कूर्चेचा आधार असतो, त्यामुळे त्या सहज मिटत नाहीत. नळी मिलिमीटरभर रुंद उरली की कूर्चा संपते. पण नळीभोवती वेढे घेत आलेला स्नायू तिथूनही पुढे जातो. शाळेत ‘अनैच्छिक स्नायू’ शिकलो, त्याच जातीचा हा. दंडाच्या स्नायूसारखा तो आपल्या हुकमात नसतो. लेंग्याची नाडी ओढावी तसा तो नळी आवळतो. आवळणं थोडं असलं तरी त्याचा परिणाम फार मोठा होतो. नळीची त्रिज्या निम्मी झाली, की हवेला होणारा अडथळा दुप्पट नव्हे, तब्बल सोळापट होतो.

मिरचीतलं कॅप्सायसिन नळीच्या अस्तरातल्या मज्जातंतूंच्या टोकांना झोंबतं. निरोप मेंदूकडे जातो, आणि उलट निरोप दोन येतात. एक खोकण्याचा. दुसरा व्हेगस मज्जातंतूवरून थेट या स्नायूला. तिथे ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन सुटतं, स्नायूच्या पेशींत कॅल्शियम वाढतं आणि नाडी ओढली जाते.

हा स्नायू तिथे मुळात आहे कशासाठी, यावर शास्त्रज्ञांत आजही एकमत नाही. गर्भात असताना तो लयीत आकुंचन पावून फुप्फुसातला द्रव पुढे ढकलतो आणि त्याने फुप्फुसाच्या वाढीला मदत होते, असं मानलं जातं. जन्मानंतरच्या त्याच्या उपयोगावर मात्र वाद आहे. 2004 साली एका संशोधकाने तर त्याला फुप्फुसाचं अपेंडिक्सच म्हटलं.

मला सगळ्यात विलक्षण वाटतो तो 1995 मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग. निरोगी माणसांना नळ्या आवळणारं औषध श्वासातून दिलं आणि खोल श्वास घ्यायला मनाई केली. एरवी ज्यांना अशा औषधाने फारसं काही होत नाही, त्यांच्याही नळ्या दमेकऱ्यांसारख्या आवळल्या. म्हणजे आपण नकळत अधूनमधून जो मोठा श्वास घेतो, तो या स्नायूला ताणून सैल करत असतो. दम्यात नेमकी हीच सोय कमी पडते. मावशीने पायरीवर बसून कितीही मोठा श्वास ओढला असता, तरी तिची नाडी माझ्यासारखी सुटली नसती.

निळ्या पंपातलं सालब्युटामॉल 1969 पासून वापरात आहे. आपल्या रक्तातलं ॲड्रेनॅलिन स्नायूच्या पेशीवर ज्या जागी बसतं, तिथेच ते जाऊन बसतं आणि स्नायू सैल होतो. त्याचा असर चार-सहा तास टिकतो. जीव वाचवणारं औषध आहे हे, आणि दम्याचा पंप चारचौघांत काढायची लाज वाटणाऱ्यांबद्दल मला मनापासून वाईट वाटतं.

पण त्या पाच मिनिटांत एक गोष्ट जराही बदलली नव्हती. दमेकऱ्याच्या नळीचं अस्तर सुजलेलं असतं आणि स्नायूचा थरही जाड झालेला असतो. हा स्नायू स्वतःसुद्धा सूज वाढवणारी रसायनं सोडतो. 2011 च्या एका अभ्यासात असंही दिसलं, की नळ्या वारंवार आवळल्या गेल्या, तर एवढ्यानेही त्यांच्या भिंतीत बदल होऊ लागतात. निळा पंप सूज उतरवत नाही. ते काम दुसऱ्या पंपातल्या स्टिरॉइडचं. म्हणूनच 2019 पासून दम्याच्या जागतिक मार्गदर्शक सूचना सांगतात, की मोठ्या माणसांनी नुसत्या निळ्या पंपावर राहू नये.

याच स्नायूवर 2010 मध्ये मेरिलँड विद्यापीठात दीपक देशपांडे, स्टीफन लिगेट आणि सहकाऱ्यांना कडू चव ओळखणारे ग्राहक, म्हणजे रिसेप्टर, सापडले, जिभेवर असतात तसे! कडू पदार्थ लागला की पेशीत कॅल्शियम वाढत होतं, म्हणजे स्नायू आवळायला हवा होता. झालं उलटंच, तो सैल पडला. यातून नवी औषधं शोधायचे प्रयत्न सुरू झाले. कारल्याच्या रसाने मात्र दमा जात नाही. पोटात गेलेलं कडू त्या स्नायूपर्यंत पुरेसं पोचत नाही.

मावशीने तो दुसरा पंप तीन महिन्यांपूर्वीच बंद केला होता. “मला काही होत नव्हतं गं, आणि सवय लागेल म्हणतात,” ती रिक्षात म्हणाली. सवय लागत नाही, मी म्हटलं, तुला काही होत नव्हतं ते त्या पंपामुळेच. त्याच आठवड्यात आम्ही डॉक्टरांकडे गेलो. आता सकाळ-संध्याकाळ पंप ओढला की ती आठवणीने खळखळून चूळ भरते, नाहीतर तोंडात बुरशी धरते. यंदा मिरच्या मी एकटीने आणल्या, आणि डंकावरही मीच गेले.