सायटोकाइन जनुकांची पूर्वतयारी : पार्श्वभूमी

जिवाणूंच्या बाह्यपटलातील लिपोपॉलिसॅकराइड या मेद-शर्करायुक्त रेणूची चाहूल लागताच मॅक्रोफेज ही जंतू गिळणारी रोगप्रतिकारक पेशी टीएनएफ-अल्फा, इंटरल्यूकिन-1 बीटा अशी दाहजनक सायटोकाइने (पेशींमधील संदेशवाहक प्रथिने) काही तासांतच मोठ्या प्रमाणावर स्रवू लागते. ज्या अपरिपक्व पेशीपासून ती अस्थिमज्जेत घडते, तिच्यातही या सायटोकाइनांची हीच जनुके असतात. मात्र तिला असा प्रतिसाद देता येत नाही. हा फरक कशामुळे पडतो, या प्रश्नाचे उत्तर मिळायला बराच काळ लागला.

या दोन्ही सायटोकाइनांच्या जनुकांचे क्लोनिंग (जनुक वेगळे करून त्याच्या प्रती काढणे) 1984 मध्ये झाले आणि 1986 मध्ये रंजन सेन व डेव्हिड बाल्टिमोर यांनी एनएफ-कप्पा-बी हा डीएनएवर बसून जनुके सुरू करणारा प्रथिन-घटक शोधला. त्यानंतर बराच काळ सगळे लक्ष या घटकावरच राहिले, आणि ते स्वाभाविकही होते. परंतु एनएफ-कप्पा-बी जवळजवळ प्रत्येक पेशीत आढळतो. त्यामुळे तो कोणत्या पेशीत कोणते जनुक सुरू करील, हे केवळ त्याच्या असण्यावरून सांगता येत नाही.

उत्तराचे धागे दुसरीकडे तयार होत होते. एपिजेनेटिक्सची (आजच्या अर्थाने, डीएनएचा क्रम न बदलता जनुकांचे कार्य बदलण्याची) मूळ कल्पना जीवशास्त्रज्ञ कॉनरॅड वॉडिंग्टन यांनी 1942 मध्ये, म्हणजे डीएनएची रचना उलगडण्याच्याही आधी, भ्रूणविकासाच्या संदर्भात मांडली होती. हिस्टोनचे, म्हणजे डीएनए ज्यांभोवती गुंडाळलेला असतो त्या प्रथिनांचे, ॲसिटिलीकरण (त्यांवर ॲसिटिल गट जोडला जाणे) आणि जनुकांचे कार्य यांचा संबंध व्हिन्सेंट ऑलफ्री व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1964 मध्ये सुचवला, पण ते घडवणारे विकर (एन्झाइम) जनुक-नियंत्रणाशी थेट जोडले गेले ते 1996 मध्ये. पुढे 1998 मध्ये टी-पेशी या रोगप्रतिकारक पेशींच्या विभेदनादरम्यान (विशिष्ट प्रकारांत घडताना) सायटोकाइन जनुकांभोवतीचे क्रोमॅटिन (डीएनए व हिस्टोन यांची गुंडाळी) बदलते, असे दिसून आले, तर 1999 मध्ये मॅक्रोफेजमधील इंटरल्यूकिन-12 या सायटोकाइनच्या पी-40 घटकाच्या प्रमोटरवर (जनुकाच्या सुरुवातीच्या नियंत्रक भागावर), लिपोपॉलिसॅकराइडसारख्या उद्दीपनानंतर, न्यूक्लिओसोमची (हिस्टोनभोवती डीएनए गुंडाळलेल्या एककांची) फेररचना आढळली.

प्रस्तुत लेखकाच्या मते खरे वळण 2010 मध्ये आले. पीयू.1 हा डीएनएवर बसणारा प्रथिन-घटक मॅक्रोफेज घडत असतानाच तिच्या एनहान्सरवर (जनुकाचे कार्य वाढवणाऱ्या डीएनएच्या भागांवर) बसून तेथील क्रोमॅटिन मोकळे करतो आणि एच-3 हिस्टोनच्या चौथ्या स्थानावरील लायसिन या अमिनो आम्लावर मेथिल गटाची खूण उमटण्यास वाव देतो. उद्दीपनानंतर येणारा एनएफ-कप्पा-बी बव्हंशी या आधीच मोकळ्या झालेल्या जागांवरच बसतो, हे त्या वर्षीच्या संशोधनातून स्पष्ट झाले. दाहाचा आवाका जंतू येण्यापूर्वीच, पेशीच्या घडणीत, बऱ्याच अंशी ठरलेला असतो, असा याचा अर्थ होतो.

ही घडण मात्र कायमची गोठलेली नसते. परिपक्व मॅक्रोफेजमध्येही उद्दीपनानंतर पूर्णपणे नवे एनहान्सर उघडतात आणि उद्दीपन थांबल्यावरही त्यांतील काहींवरील मेथिल खुणा टिकून राहतात, असे 2013 मध्ये दाखवून देण्यात आले.