टायर प्रेशर वॉर्निंग लाइट
डॅशबोर्डवरचा घोड्याच्या नालासारखा पिवळा दिवा, मध्ये उद्गारचिन्ह, म्हणजे टायर प्रेशरचा इशारा. कुठल्यातरी चाकात हवा कमी झाली की तो लागतो, पण कधीकधी हवा भरली तरी जात नाही आणि मग लोक त्याच्याकडे बघणंच सोडून देतात, ते मात्र करू नका. टायर निकामी होऊन झालेल्या अपघातांनंतर अमेरिकेत 2000 साली कायदा झाला, त्यातून आलेल्या नियमानुसार हवा ठरलेल्यापेक्षा 25 टक्के कमी झाली की दिवा लागलाच पाहिजे, म्हणजे 32 पीएसआयच्या (पीएसआय हे हवेचा दाब मोजायचं एकक) टायरला तो 24 वर लागला तरी नियमात बसतं, आणि 24 म्हणजे टायर बराच बसलेला असतो.

आधी दिवा कसा लागतोय ते बघा. गाडी चालू केल्यावर मिनिटभर लुकलुकून मग तसाच राहिला तर बहुतेक वेळा बिघाड सिस्टिममध्ये असतो, पहिल्यापासून स्थिर असेल तर हवाच तपासायची. तीही गाडी निदान 3 तास उभी राहिल्यावर, गेज लावून, कारण चालवल्यावर हवा तापून आकडा जास्त दिसतो. किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर असतं, टायरवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा, तो धरू नका. तापमान 5-6 अंशांनी उतरलं की साधारण 1 पीएसआय कमी होतो, म्हणून थंडीत पहाटे दिवा लागतो आणि गाडी थोडी चालली की जातो.

एकाच चाकाची हवा परत परत उतरत असेल तर स्लो पंक्चर. व्हॉल्व्ह आणि रिमच्या कडेला साबणाचं पाणी लावा, बुडबुडे आले की जागा सापडली.

हवा बरोबर असूनही दिवा जात नसेल तर सिस्टिम कुठली ते बघावं लागतं. काही गाड्यांत प्रत्येक चाकात सेन्सर असतो, त्याची बॅटरी साधारण 5 ते 10 वर्षं चालते आणि संपली की बहुतेक वेळा सेन्सरच बदलावा लागतो, काही गाड्यांत स्टेपनीतही सेन्सर असतो आणि ती तपासायची कुणाला आठवतच नाही. दुसऱ्या प्रकारात एबीएसचे (ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचे) सेन्सर चाकांचा वेग मोजतात, हवा कमी झालेलं चाक किंचित लहान होऊन जास्त फिरतं त्यावरून कळतं, इथे हवा भरल्यावर मेन्यूतून किंवा बटणाने रीसेट करावंच लागतं. पण हवा न तपासता रीसेट केलं तर कमी हवाच बरोबर आहे असं गाडी धरून चालते.