दोरी, दगड आणि टीसीएल: विहिरीवरचा विज्ञानाचा तास

22 मार्चला, जागतिक जलदिनी, शाळांच्या भिंती ‘पाणी वाचवा’च्या चित्रांनी भरतात. पण गावच्या विहिरीत आज किती लिटर पाणी आहे, हे मुलांना सांगता यायला हवं. त्यासाठी दोरी, दगड आणि वृत्तचितीचं घनफळ एवढंच लागतं, आणि पाणी निर्जंतुक करण्याची सुरुवातही त्याच आकड्यापासून होते.

दोरी नायलॉनची घ्यावी. सुती दोरी भिजली की आखडते. दर अर्ध्या मीटरवर गाठ मारून टोकाला दगड बांधायचा. दोरी मोठ्यांनी सोडायची, मुलांनी कठड्याबाहेर थांबून भिजलेला भाग मोजायचा. दगड गाळात रुतला तर पाणी आहे त्यापेक्षा खोल भासतं, म्हणून टेकल्याचं जाणवताच दोरी वर घ्यावी. वेळ सकाळची, पंप सुरू होण्याआधीची.

समजा, विहिरीचा आतला व्यास 4 मीटर आणि पाणी 3 मीटर. त्रिज्या 2 मीटर. 3.14 × 2 × 2 × 3 म्हणजे 37.68 घनमीटर, अर्थात 37,680 लिटर. इथे मुलं हमखास चुकतात ती त्रिज्येच्या जागी व्यास घालून. उत्तर चौपट होतं, आणि मग औषधही चौपट पडेल.

हजार लिटरला 5 ग्रॅम टीसीएल, म्हणजे पाणी निर्जंतुक करणारी ब्लीचिंग पावडर, हे नेहमीचं प्रमाण. आपल्या विहिरीला साधारण 190 ग्रॅम लागेल. मे महिन्यात पाणी 1 मीटरवर आलं तर 63 ग्रॅम पुरेल. म्हणूनच वर्षभर एकच माप टाकणं चूक. हे प्रमाण सुमारे 33 टक्के क्लोरीन असलेल्या ताज्या पावडरीचं आहे. पोतं दमट जागी उघडं राहिलं की क्लोरीन उडून जातो. 20 टक्केच उरला असेल तर तेवढ्याच परिणामासाठी हजार लिटरला सव्वाआठ ग्रॅम लागतील.

पावडर कोरडी विहिरीत फेकू नये. जलसुरक्षकाने, म्हणजे गावाच्या पाण्याची देखभाल करणाऱ्या कर्मचाऱ्याने, प्लास्टिकच्या बादलीत आधी तिची पेस्ट करावी, मग पाणी घालून ढवळावं आणि दहा मिनिटं निवळू द्यावं. वरची निवळी दुसऱ्या बादलीत ओतून ती बादली पाण्यात सोडून हलवायची. तळाचा चुना विहिरीत जाऊ द्यायचा नाही, त्याने पाणी जड होतं. अर्धा तास थांबल्याशिवाय पाणी भरू नये. पावसाळ्यात गढूळ पाण्यातला सेंद्रिय गाळ क्लोरीन खाऊन टाकतो, तेव्हा नेहमीची मात्रा अपुरी पडू शकते.

आणि एक गोष्ट मुलांना स्पष्ट सांगावी: क्लोरीन जंतू मारतो. फ्लोराईड, नायट्रेट किंवा खारेपणा त्याने जात नाही. यवतमाळ, चंद्रपूरच्या काही गावांत फ्लोराईडचाच प्रश्न आहे. तिथे पाणी उकळूनही उपयोग नाही, उलट वाफ गेल्याने त्याचं प्रमाण वाढतं.

पाण्यात क्लोरीन उरला आहे का, याची तपासणी ओटी चाचणीने. पाण्यात ऑर्थोटोलिडीनचे थेंब पडले की पिवळा रंग येतो. तो लगेच रंगपट्टीशी ताडायचा. हे रसायन आम्लात असतं आणि घातकही आहे, थेंब शिक्षकांनीच टाकावेत. नमुना बाटलीत भरून दुपारी शाळेत आणू नये, कारण उन्हात क्लोरीन झपाट्याने कमी होतो. नळाशीच तपासावं. लिटरमागे निदान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक हवा.

टाकीजवळ पिवळा रंग येतो आणि शेवटच्या घरी येत नाही, असं झालं तर वाटेत कुठेतरी क्लोरीन खर्च होतोय, कदाचित फुटक्या पाइपात गटाराचं पाणी शिरतंय. अशा वेळी मधला नळ तपासायचा, मग ज्या अर्ध्या भागात रंग नाहीसा होतो त्यातला मधला. चार-पाच नमुन्यांत संशयाची जागा एका गल्लीपुरती उरते.