स्नायूपेशी, औषध आणि कॅमेरा : एक पार्श्वभूमी

सोलापूरच्या वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा इथल्या फार्मसी कॉलेजांत शिकलेल्या जुन्या मंडळींना कायमोग्राफ आठवत असेल. ड्रमवर काजळी धरलेला कागद, द्रावणात टांगलेला बेडकाच्या पोटाचा स्नायू आणि वरून सोडलेले ॲसिटिलकोलिन, म्हणजे स्नायू आखडवणारे रसायन. स्नायू आखडला की तरफ हलायची, काजळीवर पांढरी रेघ उमटायची. कार्ल लुडविग यांनी १८४७ साली बनवलेल्या या यंत्रावर औषधशास्त्र शतकभर उभे होते.

पण तरफेला कळते ती असंख्य पेशींची एकत्रित ओढ. एकट्या पेशीचे काय? औषधाने ती किती आखडते हे आता कॅमेरा आणि संगणक मोजतात; तिथवर कसे पोचलो, त्याची ही पार्श्वभूमी.

ती जिवंत सुटी करणे हीच मोठी अडचण होती. लंडनमध्ये सिडनी रिंगर यांनी १८८३ साली दाखवले की कॅल्शियमशिवाय बेडकाचे हृदय आकुंचन पावत नाही. पुढे विकरे (एन्झाइम) वापरून हृदयाच्या पेशी सुट्या केल्या, तेव्हा नेमके कॅल्शियम मिळताच त्या मरू लागल्या! कॅल्शियम सोसणाऱ्या पेशी सत्तरच्या दशकात हाती आल्या आणि मगच कॅमेऱ्याला काम मिळाले. या जीवशास्त्रज्ञांची चिकाटी मला संगणकाइतकीच मोलाची वाटते.

ऐंशीच्या दशकात व्हिडिओवर पेशीच्या दोन्ही कडा पकडून ती किती आखडली ते मोजू लागले. नंतर पेशीतले आडवे पट्टे मोजता आले. चादरीच्या इंचातले धागे मोजावेत तसे संगणक पट्ट्यांमधले अंतर काढतो. ते साधारण २ मायक्रोमीटर असते. १९८५ साली रसायनशास्त्रज्ञ रॉजर त्सिएन यांच्या गटाने फ्युरा-२ हे चमकणारे रंगद्रव्य दिले आणि पेशीतले कॅल्शियमही दिसू लागले.

हृदयपेशींवर औषधे तपासण्याची निकड मात्र औषधांच्या दुष्परिणामांनी वाढवली. टर्फेनाडिन हे ॲलर्जीचे साधे औषध. हृदयाची लय बिघडवते म्हणून अमेरिकेत ते नव्वदच्या दशकात मागे घ्यावे लागले. २००७ मध्ये माणसाच्या त्वचेच्या पेशींपासून मूलपेशी, म्हणजे हव्या त्या प्रकारच्या पेशी बनू शकणाऱ्या पेशी, तयार झाल्या. त्यांपासून धडधडणाऱ्या हृदयपेशी घडवता येतात, आणि औषधाआधी व नंतर त्यांची हालचाल पिक्सेलगणिक, स्पर्श न करता मोजता येते.

भारतानेही २०२३ मध्ये नियम बदलून नव्या औषधांसाठी प्राण्यांविना चाचण्यांना वाट दिली. तरी प्रयोगशाळेत घडवलेल्या या पेशी प्रौढ हृदयापेक्षा गर्भातल्या हृदयाच्या जवळच्या असतात. त्यामुळे प्राण्यांवरच्या चाचण्या अजून पूर्ण सुटलेल्या नाहीत.