शेपटी पाठीवर झुकवून धावणारा तापाकुलो

मध्य चिलीत, सांतियागो शहराच्या आसपासचे डोंगरउतार काटेरी झुडपांनी भरलेले आहेत. या रानाला तिथे ‘मातोर्राल’ म्हणतात. पाऊस पडतो तो हिवाळ्यात, साधारण मे ते ऑगस्ट. उन्हाळा जवळपास कोरडाच. त्यामुळे इथल्या बऱ्याच झाडांची पानं जाड, चिवट आणि बारमाही हिरवी. काटेरी एस्पिनो, अंगाला लागला तर पुरळ उठवणारा लित्रे आणि उभे वाढणारे किस्को निवडुंग हे या रानाचे नेहमीचे रहिवासी. या गर्दीत, अगदी बुंध्यांशी, तापाकुलो हा छोटा पक्षी राहतो. जगात तो फक्त चिलीतच सापडतो.

आकाराने तो आपल्या बुलबुलाएवढा, साधारण १९ सेंटिमीटर. पाठ तांबूस तपकिरी. गळा आणि भुवई पांढरी. पोटावर गडद आडवे पट्टे. झुडपाखालच्या तुटक उजेडात या पट्ट्यांमुळे पक्ष्याची कडाच हरवते. पंख आखूड आणि गोलसर, पाय मात्र दणकट, नख्या मोठ्या. शेपटी नुसती उभी नसते, ती डोक्याच्या दिशेने मागे झुकलेली असते. या कुळातल्या पक्ष्यांच्या नाकपुड्यांवर एक छोटं झाकण असतं. माती उकरताना धूळ आत जाऊ नये म्हणून ते असावं, असं मानलं जातं. त्यांच्या छातीच्या हाडाला मागच्या बाजूला चार खाचाही असतात. झाडावर बसणाऱ्या बहुतेक छोट्या पक्ष्यांत त्या दोनच असतात. उडणं हे याचं बळ नव्हेच. पालापाचोळा उकरून किडे शोधायचे, मोकळ्यावर झटकन यायचं आणि लगेच झुडपात पळायचं, हा त्याचा दिवस.

१८३४ मध्ये चार्ल्स डार्विन या भागात हिंडला, तेव्हा त्याने या पक्ष्याकडे बारकाईने पाहिलं. घाबरला की तो झुडपाच्या तळाशी निश्चल बसतो आणि थोड्या वेळाने दुसऱ्या बाजूने हळूच निसटतो, असं त्याने लिहिलं आहे. आवाजांनी तर तो चक्रावलाच: कधी पारव्यासारखं घुमणं, कधी पाण्याचे बुडबुडे, आणि काही आवाजांना उपमाच सुचू नये. ज्या उजाड टेकड्यांवर दुसरा पक्षी क्वचितच टिकेल, तिथे हा सर्रास दिसतो, हेही त्याने नोंदवलं. माझ्या मते हे निरीक्षण सर्वांत मोलाचं आहे, कारण वरून उजाड दिसणाऱ्या त्या उतारावर जमिनीलगत भरपूर आडोसा असतो आणि तापाकुलोला तेवढाच लागतो. घरटंही तो जमिनीतच करतो, लांब बिळाच्या टोकाशी.

त्याचा सख्खा भाऊबंद चुकाव हा दक्षिणेकडच्या ओल्या, बांबूंच्या जंगलात राहतो. गुरांसाठी मोकळ्या केलेल्या कुरणातून पलीकडे जायला तो फार कचरतो. झाडोऱ्याचा सलग पट्टा मिळाला तर त्यातून जातो, हे अभ्यासांतून दिसलं आहे. तापाकुलो आज धोक्यातल्या पक्ष्यांत गणला जात नाही. पण मध्य चिलीतल्या उतारांवर आता अव्हाकाडोच्या बागा चढल्या आहेत, सपाटीवर द्राक्षमळे आणि वस्त्या पसरल्या आहेत, आणि २०१० पासून या प्रदेशाने दीर्घ दुष्काळ सोसला आहे. इतक्या आखूड पंखांच्या पक्ष्यासाठी रान किती एकर उरलं यापेक्षा, दोन तुकड्यांमध्ये ओढ्याकाठची झुडपं शिल्लक आहेत का, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.