मागाच्या आवाजाची सवय

इचलकरंजीत किंवा भिवंडीत यंत्रमागाच्या शेडमध्ये नवखा माणूस शिरला की त्याच्या कानठळ्या बसतात. आडवा धागा नेणारा धोटा या टोकाहून सुटतो, त्या टोकाच्या पेटीत धाडकन आदळतो आणि तसाच उलटा फिरतो. एका मागावर मिनिटाला शंभराहून जास्त वेळा. एका पत्र्याखाली असे वीस-पंचवीस माग. जुन्या कामगाराला विचारलं तर तो म्हणतो, "सवय झालीय."

या सवयीचीच मला भीती वाटते. कानाच्या आत शंखासारख्या वळणदार नळीत आवाज टिपणाऱ्या सुमारे 15 हजार केसपेशी असतात. कामाची पाळी संपल्यावर कान बधिर होतात, शिट्टी वाजत राहते, सकाळपर्यंत ती ओसरते. रोज हेच घडलं की पेशी मरू लागतात. कोंबडीच्या कानात त्या पुन्हा उगवतात, माणसाच्या कानात कधीच नाही.

पहिला घाव बसतो तो 4000 हर्ट्झच्या आसपासच्या उंच स्वरांवर. स, श, ठ असे वर्ण उंच स्वरांवर ओळखू येतात. त्यामुळे आवाज ऐकू येतो, पण समोरचा 'सात' म्हणाला की 'साठ' हे कळत नाही. घरचे म्हणतात, यांचं लक्षच नसतं.

अशा शेडमध्ये आवाज सहज 95 डेसिबलच्या वर जातो. आपल्या कारखाना नियमांत आठ तासांसाठी 90 ची मर्यादा आहे. अमेरिकेतली नायॉश ही संस्था त्याच आठ तासांसाठी 85 वरच थांबा म्हणते, आणि पुढे दर 3 डेसिबलला तो वेळ निम्मा करते. त्या हिशेबाने 100 डेसिबलमध्ये फक्त 15 मिनिटं! 1948 च्या कारखाने कायद्याने आवाजामुळे येणारा बहिरेपणा व्यवसायजन्य आजारांच्या यादीत घेतला, पण कमी कामगारांच्या कितीतरी शेड त्या कायद्याच्या कक्षेतच येत नव्हत्या.

खरा उपाय यंत्रावरच व्हायला हवा: धोट्याविना चालणारे माग, सैल भागांची वेळेवर दुरुस्ती. तोवर कानात फोमचे बोळे हवेतच. हाताशी असलेला कापूस कोंबून जवळपास काहीच साधत नाही. फोम बोटांत वळून बारीक करायचा, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढायचा, बोळा आत सरकवायचा आणि तो फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवायचा. नीट बसला की स्वतःचा आवाज घुमल्यासारखा येतो.

आणि तो काढायचा शेडबाहेर आल्यावरच. 30 डेसिबल अडवणारा बोळा अर्धी पाळी खिशात राहिला, तर दिवसभराचं संरक्षण जेमतेम 3 डेसिबल उरतं.