मोटर जळते, एमसीबी पडत नाही

आयटीआयच्या इलेक्ट्रिशियन ट्रेडची मुलं मोटरची गणितं एका वहीत सोडवतात आणि फ्यूज-एमसीबी-रिले दुसऱ्या वहीत पाठ करतात. तिथंच घोळ होतो. एमसीबी म्हणजे करंट फार वाढला की आपोआप बंद होणारा, म्हणजे ‘पडणारा’ स्विच. रिले म्हणजे इथं ओव्हरलोड रिले: मोटर लावलेल्या आकड्यापेक्षा जास्त करंट ओढू लागली की तो पडतो आणि मोटर बंद करतो. गणितातून आलेला फुल लोड करंट, म्हणजे पूर्ण लोडवर मोटर लाइनमधून ओढते तो करंट, हाच संरक्षणाचा पाया आहे.

साडेसात एचपीची थ्री फेज मोटर घ्या. नेमप्लेटवर 5.5 किलोवॅट, 415 व्होल्ट, 50 हर्ट्झ, 1440 आरपीएम, पॉवर फॅक्टर 0.82, कार्यक्षमता 86 टक्के. हे 5.5 किलोवॅट शाफ्टवर मिळतात. लाइनमधून मोटर त्याहून जास्त ओढते. म्हणून आधी 5500 ला 0.86 ने भागायचं, 6395 वॅट येतात. त्यांना √3 × 415 × 0.82 म्हणजे 589 ने भागलं की 10.85 अँपिअर. धरा 11. कार्यक्षमता विसरलात तर उत्तर 9.3 येतं आणि तिथं लावलेला रिले पूर्ण लोडवर उगाच पडू शकतो. √3 विसरलात तर 18.8 येतं. ही चूक फार महागात पडते, कारण असा रिले वाइंडिंग काळं पडेपर्यंत गप्प बसतो.

आता स्लिप, म्हणजे रोटर (मोटरचा फिरणारा भाग) सिंक्रोनस गतीपेक्षा, म्हणजे मोटरमधल्या चुंबकीय क्षेत्राच्या गतीपेक्षा, किती टक्के मागं राहतो ते. चार पोलची सिंक्रोनस गती 120 × 50 ÷ 4 = 1500, म्हणून 1440 ला स्लिप 4 टक्के. बटण दाबताना रोटर थांबलेला असतो, म्हणजे स्लिप 100 टक्के. रोटरमध्ये त्या क्षणी खूप मोठं व्होल्टेज तयार होतं आणि डीओएल स्टार्टरवर (मोटर थेट लाइनला जोडणारा स्टार्टर) मोटर सहा-सात पट करंट ओढते: 66 ते 77 अँपिअर.

एमसीबीचा प्रकार इथं ठरतो. बी प्रकार रेटिंगच्या 3 ते 5 पटीला तत्काळ पडतो, सी 5 ते 10 पटीला, डी 10 ते 20 पटीला. 16 अँपिअरचा बी म्हणजे 48 ते 80. मोटर सुरू करतानाच पडायची शक्यता दाट. 16 चा सी 80 ला सुरू होतो, पण पहिल्या काही मिलिसेकंदांचा झटका 77 च्याही वर जातो, त्यामुळे तोही काठावरच. डी घेतला तर 160 पर्यंत मोकळीक मिळते. पडतो म्हणून थेट 32 चा बसवू नका. नळीतून नेलेली 2.5 चौ.मिमी. तांब्याची केबल सुमारे 20 अँपिअरच पेलते, तापलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये त्याहूनही कमी.

आणि मुख्य मुद्दा असा की एमसीबी केबल वाचवतो, मोटर नाही. 16 चा एमसीबी 1.13 पट, म्हणजे 18 अँपिअर, तासभर न पडता सोसतो. तासाभरात नक्की पडायला 1.45 पट, म्हणजे 23 अँपिअर लागतात. पंपाचं बेअरिंग जाम होऊन 11 ची मोटर 15 ओढू लागली, तर एमसीबीच्या दृष्टीनं सगळं ठीक असतं. एक फेज गेला आणि लोड तोच राहिला, तर उरलेल्या दोन लाइन्समध्ये 1.73 पट, म्हणजे 19 अँपिअर. तरीही एमसीबी पडेलच याची खात्री नाही! ओव्हरलोड रिले 11 वर लावलेला असेल तर तो काही मिनिटांत पडतो. रिलेला 1.05 पटीला पडायची मुभा नाही आणि 1.2 पटीला दोन तासांच्या आत पडावंच लागतं.

रिले सारखा पडतो म्हणून डायल पुढं सरकवण्याआधी तिन्ही फेजवर टाँग टेस्टर (तारेभोवती अडकवून करंट मोजणारं उपकरण) लावा. तिन्हीकडं 11 च्या आत असेल, तर रिलेचा एखादा स्क्रू ढिला असण्याची शक्यता तपासा. तिथं तयार झालेली उष्णता रिलेतल्या बायमेटललाही (तापली की वाकून रिले पाडणारी पट्टी) तापवते. तिन्हीकडं 13 असेल तर व्होल्टेज पाहा. शेतावर संध्याकाळी 340 व्होल्ट मिळाले, तर तेवढ्याच लोडला करंट 415 ÷ 340, म्हणजे 1.22 पट होतो, आणि मोटरचा टॉर्क व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे 67 टक्क्यांवर येतो. तिथं रिले पडणं योग्यच आहे.

स्टार-डेल्टा स्टार्टरच्या (मोटर आधी स्टार जोडणीत सुरू करून मग डेल्टा जोडणीत चालवणारा) प्रश्नात एक आकडा हमखास चुकतो. तिथं रिले बहुधा डेल्टाच्या आत, वाइंडिंगच्या मालिकेत असतो. त्यातून लाइन करंट नव्हे, फेज करंट जातो, आणि तो लाइन करंटच्या 1 ÷ √3, म्हणजे 0.58 पट असतो. म्हणून सेटिंग 11 नव्हे, 11 × 0.58 = 6.4 अँपिअर. 11 वर ठेवलेला रिले लाइनमध्ये 19 अँपिअर वाहेपर्यंत हलत नाही.